कॅलिफोर्नियाची शेती: परदेशी बाजार, परदेशातून आलेले मजूर आणि राज्याची मिळकत

प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहत आहे. शेतीशी माझा थेट संबंध नाही. पण हायवे ९९वरून रोज कामाला जाताना दोन्ही बाजूंना बदामाच्या आणि द्राक्षांच्या बागा लागतात आणि उजाडता उजाडता बागेच्या कडेला थांबलेल्या व्हॅनमधून उतरणारी माणसे दिसतात. डोक्यावर टोपी, टोपीखाली मानेपर्यंत सोडलेला रुमाल, भर उन्हाळ्यात एकावर एक चढवलेले पूर्ण बाह्यांचे दोन सदरे. २०२५च्या उन्हाळ्यात व्हेंचुरा काउंटीतल्या शेतांवर केंद्र सरकारच्या स्थलांतर यंत्रणेचे छापे पडले. त्याच वर्षी आयातशुल्कांची चढाओढही पेटली. तेव्हापासून आमच्या कचेरीत दुपारच्या जेवणाच्या वेळी याच दोन विषयांवर वाद चालतो.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, राज्याचे सकल उत्पादन सुमारे चार लाख कोटी डॉलरांचे आहे आणि २०२३मध्ये शेतमालाची विक्री ५,९४० कोटी डॉलरांच्या आसपास होती. म्हणजे दीड टक्का. मजूर आले काय, गेले काय, चीनने शुल्क लावले काय, न लावले काय, राज्याला विशेष फरक पडू नये. दुसऱ्याच्या मते ही शेती कोलमडली तर निम्मे राज्य तिच्याबरोबर जाईल. मला दोन्ही बोलणी एकांगी वाटतात, पण उत्तर देता येत नाही. माझे प्रश्न असे: परदेशी व्यापार आणि परदेशातून आलेले मजूर यांतले राज्याच्या अर्थव्यवस्थेसाठी अधिक महत्त्वाचे काय? या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि मजूर कमी झाले तर उरलेल्यांची मजुरी वाढते, हे खरे आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १

मी काही वर्षे बदामाच्या निर्यातीच्या कागदपत्रांचे काम केले आहे, त्यामुळे व्यापाराच्या बाजूने लिहितो.

आपल्या पहिल्या सहकाऱ्यांचा दीड टक्का हा आकडा चुकीचा नाही, पण तो राज्यभर सारखा पसरलेला नाही. लॉस एंजेलिसमध्ये किंवा सिलिकॉन व्हॅलीत त्याची जाणीवही होणार नाही. फ्रेस्नो, टुलेरी आणि कर्न या तीन काउंट्यांमध्ये मात्र प्रत्येकी ७०० कोटी डॉलरांहून अधिक किमतीचा शेतमाल एका वर्षात निघतो आणि तिथल्या गावांत पंपदुरुस्तीवाल्यापासून ट्रकचालकापर्यंत आणि बँकेपासून शाळेपर्यंत सगळ्यांची मिळकत हंगामाला बांधलेली असते. शिवाय या आकड्यात फक्त शेताच्या बांधापर्यंतची विक्री धरलेली आहे. त्यापुढची वाहतूक, शीतगृहे, प्रक्रिया, पॅकिंग, बंदरावरचे काम हे सगळे अन्य खात्यांत मोजले जाते.

आता बदामाकडे येऊ. अमेरिकेचा जवळजवळ सगळा आणि जगाचा सुमारे ऐंशी टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतो, आणि त्यातला साधारण सत्तर टक्के देशाबाहेर जातो. २०२२मध्ये राज्याची एकूण शेतमाल निर्यात २,३६० कोटी डॉलरांच्या घरात होती आणि तिच्यात बदाम पहिल्या क्रमांकावर होता. इतके एक पीक इतक्या प्रमाणात परक्या ग्राहकावर विसंबून असले की, दूरच्या राजधानीतला एखादा निर्णय थेट बागेपर्यंत पोहोचतो. २०१८मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क लावले. त्यात बदामाचा काहीही संबंध नव्हता. तरीही उत्तरादाखल चीनने बदाम, पिस्ता आणि वाइन यांवर वाढीव शुल्क लावले. ऑस्ट्रेलियाचा चीनशी मुक्त व्यापार करार होता, त्यामुळे तिथल्या बदामाला आयती वाट मिळाली. भारतानेही जून २०१९मध्ये कवच काढलेल्या बदामावरचे शुल्क किलोमागे १०० रुपयांवरून १२० रुपये केले. ती वाढ सप्टेंबर २०२३मध्ये मागे घेण्यात आली. भारत हा कॅलिफोर्नियाच्या बदामाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अशा शुल्कवाढीचे वजन कळते.

बदामाचे झाड लावल्यानंतर तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे देत राहते. त्यामुळे शुल्क वाढले म्हणून यंदा दुसरे पीक घेऊ, असे बागायतदाराला म्हणता येत नाही. २०१४मध्ये पौंडाला चार डॉलर भाव होता, तेव्हा लोकांनी कर्जे काढून बागा लावल्या. त्या फळाला आल्या तेव्हा शुल्के लागलेली होती. पुढे २०२१मध्ये आशियाकडे परतणारी जहाजे रिकामे कंटेनर घेऊन घाईने निघून जाऊ लागली, आणि विकला गेलेला मालही गोदामांत पडून राहिला. त्या हंगामात मी तयार केलेल्या कागदपत्रांवरच्या जहाजाच्या तारखा तीन-तीन वेळा बदलाव्या लागल्या. खरेदीदार रोज विचारत असे आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसे. २०२२पर्यंत भाव दीड डॉलरच्याही खाली आला होता. बाग तोडून लाकडाचा भुसा जमिनीत मिसळणारी यंत्रे त्यानंतर आमच्या भागात ठिकठिकाणी दिसू लागली.

म्हणून माझे उत्तर असे की, या राज्यापुरता तरी व्यापार अधिक महत्त्वाचा आहे. बदामाला माणसे लागतात तरी किती? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक यंत्र खोडाला पकडून काही सेकंद हलवते, बदाम खाली पडतात, आठवडाभर उन्हात वाळतात, दुसरे यंत्र ते झाडून ओळीत लावते आणि तिसरे उचलून घेते. पिस्ता तर जमिनीलाही लागत नाही. झाडाखाली धरलेल्या यंत्राच्या पंखांवरच पडतो. परदेशी बाजार गेला तर या बागा जातील. परदेशी मजूर गेले म्हणून जाणार नाहीत.

उत्तर २

उत्तर १मधील व्यापाराविषयीचे विवेचन मला मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष बदाम-पिस्त्यापुरताच खरा आहे. या राज्यात दोन शेत्या शेजारी शेजारी नांदतात. एक यंत्राची, आणि ती बहुतांशी निर्यातीची. दुसरी हाताची, आणि तिचा माल मुख्यतः अमेरिकेतच खपतो: स्ट्रॉबेरी, लेट्यूस, ताजी द्राक्षे, पीच. पहिलीला शुल्काची भीती आहे आणि दुसरीला माणसे न मिळण्याची. प्रश्नकर्त्यांना रोज दिसणाऱ्या व्हॅनमधली माणसे बहुधा द्राक्षांच्या बागेत उतरत असावीत.

आपण विचारलेल्या संबंधाचे उत्तर मला या दुसऱ्या शेतीत दिसते. हाताने काढायच्या पिकाच्या बाबतीत सीमेपलीकडून एक तर माणूस येतो, नाही तर त्याने पलीकडेच काढलेला माल येतो. माणसाची वाट अडवली की मालाची आवक वाढते. स्थलांतर आणि व्यापार हे त्या अर्थाने एकाच व्यवहाराचे दोन मार्ग आहेत.

स्टॉकटनजवळच्या डेल्टा भागातील अ‍ॅस्परॅगस हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. ही कोवळ्या कोंबांची भाजी. हे पीक वसंतात जमिनीतून कोंब काढते आणि प्रत्येक कोंब ज्या दिवशी योग्य उंचीला येतो त्याच दिवशी कापावा लागतो. आज राहिला तर उद्या त्याचे टोक सुटते आणि तो विकण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणून त्याच शेतातून माणसे हंगामभर जवळजवळ रोज फिरतात. लांब दांड्याचे, टोकाला पसरट पाते असलेले हत्यार घेऊन, कमरेत वाकून, मातीखाली अंदाजाने पाते घालायचे आणि शेजारचा अजून न उगवलेला कोंब दुखावू द्यायचा नाही. हे कौशल्याचे काम आहे. त्याला अकुशल म्हणणे मला पटत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ते प्रामुख्याने फिलिपिनो मजुरांनी केले, नंतर मेक्सिकन मजुरांनी. १९९१मध्ये अमेरिकेने अँडीज पर्वतराजीतील देशांना व्यापारसवलती दिल्या आणि पेरू देशाचा अ‍ॅस्परॅगस शुल्काविना येऊ लागला. १ जानेवारी १९९४ रोजी नाफ्टा हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार लागू झाला आणि मेक्सिकोच्या मालासाठीही दार उघडले. तिथे हीच कापणी कितीतरी कमी मजुरीत होते. डेल्टातील हजारो एकर अ‍ॅस्परॅगस पुढील दोन दशकांत उखडले गेले. गिऱ्हाइकाला भाजी वर्षभर मिळू लागली, हा लाभ खरा आहे. पण कापणारे, बांधणारे, पॅकिंग शेडमध्ये प्रतवारी करणारे सगळे हात राज्याच्या हिशेबातून गेले.

मजुरीविषयी. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो नावाची योजना होती. तिच्याखाली मेक्सिकन मजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. परदेशी मजुरांमुळे देशातील शेतमजुरांची मजुरी दबते, असे म्हणून ती १९६४च्या अखेरीस बंद करण्यात आली. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षांनी जुनी आकडेवारी तपासून पाहिली, तेव्हा ज्या राज्यांत ब्रासेरो मजूर पुष्कळ होते आणि ज्यांत अजिबात नव्हते, त्यांच्या मजुरीवाढीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. कारण शेतकऱ्यांनी मजुरी वाढवून माणसे शोधण्याऐवजी शक्य तिथे यंत्रे आणली आणि जिथे यंत्र नव्हते तिथे पीकच कमी केले.

कारखान्यासाठी पिकवला जाणारा टोमॅटो हे यंत्राचे उदाहरण. डेव्हिस येथील विद्यापीठात जॅक हॅना हे पैदासकार एकाच वेळी पिकणाऱ्या, टणक सालीच्या वाणावर, आणि कोबी लॉरेन्झन हे अभियंते काढणीयंत्रावर आधीपासून काम करत होते. ब्रासेरो बंद होताच ते यंत्र झपाट्याने पसरले आणि १९७०च्या सुमारास राज्यातील या टोमॅटोची काढणी जवळजवळ संपूर्णपणे यंत्राने होऊ लागली. उत्पादन वाढले. मात्र यंत्र परवडेल इतके मोठे क्षेत्र ज्यांच्याकडे नव्हते, ते बाहेर पडले. उत्पादकांची संख्या सुमारे चार हजारांवरून काहीशेवर आली. राज्याच्या एकूण आकड्यात ही झीज कुठेच दिसत नाही, म्हणून तिचा उल्लेख आवर्जून करतो.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. पीक पाहून उत्तर बदलते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता दोन गोष्टी विचारतो. एक, टोमॅटोप्रमाणे स्ट्रॉबेरीलाही यंत्र येईल, मग हा प्रश्न आपोआप मिटणार नाही का? दुसरी, आमच्या वादात नेहमी निघणारी: कागदपत्रे नसलेले मजूर राज्याच्या तिजोरीवर भार आहेत की तिला हातभार लावतात?

उत्तर ३

स्ट्रॉबेरीबद्दल आधी. मी सलिनास-वॉट्सनव्हिल भागात राहतो. देशातील सुमारे नव्वद टक्के स्ट्रॉबेरी कॅलिफोर्नियात होते आणि तिचा मोठा भाग इथल्या, सांता मारियाच्या आणि ऑक्सनार्डच्या शेतांतून जातो. मजूर गादीवाफ्यांच्या मधल्या सरीतून एका चाकाची छोटी गाडी पुढे ढकलत चालतो. दोन्ही हातांनी पाने बाजूला सारायची, देठाशी फळ खुडायचे आणि तिथेच, शेतातच, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात भरायचे; दुकानात गिऱ्हाईक जो डबा उघडते तो त्यापूर्वी कोणीही उघडलेला नसतो. एकाच रोपावर फूल, कच्चे फळ आणि पिकलेले फळ एका वेळी असते आणि तेच रोप आठवड्यातून दोनदा खुडावे लागते. टोमॅटोचे रोप एकदाच बुंध्याशी कापून, उचलून झटकता येते. इथे रोप जगवायचे आहे. कॅमेरे लावलेले यांत्रिक हात अनेकांनी करून पाहिले, पण वेगाने खुडणाऱ्या माणसाची बरोबरी शेतात अजून झालेली नाही. यंत्र येईपर्यंतच्या काळात मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया आणि ग्वानाहुआतो इथली स्ट्रॉबेरी वाट पाहत बसणार नाही.

आता तिजोरी. यात केंद्र आणि राज्य यांचे हिशेब वेगळे मांडल्याशिवाय काहीच कळत नाही. आयातशुल्क केंद्र ठरवते, व्हिसा केंद्र देते, सीमा केंद्राकडे. राज्याच्या हाती यातले काही नाही. परिणाम मात्र राज्याला सोसावे लागतात. शेतमजुरांच्या राष्ट्रीय पाहणीनुसार २०२१-२२मध्ये पिकांवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के मजुरांकडे कायदेशीर परवाना नव्हता. यांतील बरेच जण नोंदीवर असतात आणि त्यांच्या पगारातून कर कापला जातो. सोशल सिक्युरिटी या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेसाठी मजुराचे ६.२ टक्के आणि मालकाचे तितकेच केंद्राकडे जमा होते. त्या मजुराला म्हातारपणी त्यातून एक डॉलरही मिळणार नसतो. राज्याला मिळतो तो विक्रीकर, घरभाड्यातून अप्रत्यक्षपणे येणारा मालमत्ताकर आणि थोडा आयकर. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेने २०२२ साठी कॅलिफोर्नियातील सर्व व्यवसायांतल्या कागदपत्रे नसलेल्या रहिवाशांनी भरलेल्या राज्य आणि स्थानिक करांचा अंदाज सुमारे ८५० कोटी डॉलर असा दिला आहे.

खर्चाची बाजूही खरी आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२च्या निकालानुसार कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही शाळेत घ्यावेच लागते, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा खर्च राज्य आणि स्थानिक जिल्हे उचलतात. राज्याने जानेवारी २०२४पासून मेडी-कॅल ही आरोग्ययोजना कागदपत्रे नसलेल्या सर्व वयोगटांना खुली केली. खर्च अंदाजाहून वाढला आणि २०२५च्या अर्थसंकल्पात प्रौढांची नवी नोंदणी जानेवारी २०२६पासून थांबवण्याचे ठरले. म्हणजे वर्गणी मुख्यतः केंद्राच्या पेटीत पडते आणि शाळा-दवाखान्याची बिले मुख्यतः राज्याकडे येतात. भार की हातभार, हा प्रश्न विचारताना कोणाच्या तिजोरीविषयी बोलत आहोत, हे आपल्या सहकाऱ्यांना आधी विचारावे, अशी माझी विनंती आहे.

कागदपत्रे नसलेल्या मजुरांच्या या प्रश्नावर शेतमजुरांसाठीच्या एच-टू-ए या हंगामी व्हिसाचा उपाय सुचवला जातो. १९८६च्या कायद्याने आलेल्या या व्हिसाला संख्येची मर्यादा नाही, आणि देशभरात त्याखाली मंजूर झालेल्या जागा २०२३ या आर्थिक वर्षात पावणेचार लाखांच्या पुढे गेल्या. कॅलिफोर्नियाचा वाटा त्यात चाळीस हजारांच्या आसपास होता, कारण इथे तो महाग पडतो. २०२५साठी या व्हिसाखालील किमान मजुरी तासाला १९.९७ डॉलर ठरली होती, राज्याचे सर्वसाधारण किमान वेतन १६.५० असताना. त्यावर राहण्याची सोय आणि प्रवास मालकाच्या खर्चाने. सलिनासमध्ये घर मिळणे इतके अवघड आहे की, काही उत्पादकांनी शेतमजुरांसाठी स्वतः इमारती बांधल्या आहेत. शिवाय या मजुरांच्या पगारावर सोशल सिक्युरिटीची कपात होत नाही आणि ते कुटुंब मागे ठेवून येतात, हंगाम संपला की परततात. त्यांची मिळकत बरीचशी गावी जाते. आज इथे कुटुंबासह राहणारा मजूर जे खर्च करतो, शाळा, वापरलेली गाडी, शनिवारचा बाजार, ते सलिनासच्या अर्थव्यवस्थेत फिरत राहते. एका प्रकारचा मजूर जाऊन दुसऱ्या प्रकारचा आला तर स्ट्रॉबेरी तितकीच खुडली जाईल, पण गाव तेच राहणार नाही.

उत्तर १ देणाऱ्याकडून

माझा पहिला निष्कर्ष घाईचा होता, हे वाचून पटले. उत्तर २मधील ‘माणूस नाही तर माल’ या विधानाला माझ्या कामातून एक पुरवणी जोडतो. भारताला जाणारा बहुतांश बदाम कवचासकट जातो. आमच्याकडे तो यंत्राने झाडावरून पडतो, यंत्राने उचलला जातो, ओकलंडच्या बंदरातून निघतो, आणि तिथे पोहोचल्यावर मोठ्या प्रमाणावर हाताने फोडून निवडला जातो, कारण अखंड गराला तिथे अधिक भाव मिळतो. म्हणजे ज्या पिकाला मजूर लागत नाहीत असे मी लिहिले, त्याचेही हाताचे काम राज्याबाहेर झालेले आहे, एवढेच. शुल्क वाढले की फ्रेस्नोतील बागायतदाराबरोबर तो बदाम फोडणाऱ्यांचे कामही कमी होते. त्यांना मी माझ्या हिशेबात धरले नव्हते.

उत्तर २ देणाऱ्याकडून

हे मला माहीत नव्हते, आभार. प्रश्नकर्त्यांसाठी शेवटची एक गोष्ट, कारण आपण राज्याविषयी विचारले होते. जॉर्जियाने २०११मध्ये स्वतःचा कडक स्थलांतर कायदा केला. त्याच वर्षी वसंतातील काढणीला माणसे मिळेनात, अशी तक्रार तिथल्या शेतकऱ्यांनी केली आणि गव्हर्नर नेथन डील यांनी परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सुटलेल्या लोकांना शेतावर पाठवून पाहण्याची सूचना केली. काही जण गेले, त्यातले बरेच टिकले नाहीत. पुढील काही वर्षांत जॉर्जिया हे एच-टू-ए मजूर सर्वाधिक आणणाऱ्या राज्यांपैकी एक झाले. विडेलिया हा तिथला कांदा अजूनही हातानेच काढला जातो आणि काढणारे हात अजूनही मुख्यतः मेक्सिकोतूनच येतात. आता ते व्हिसा घेऊन येतात आणि हंगाम संपला की परत जातात.